रजनीशपुरम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रजनीशांच्या (म्हणजे पुढे ‘ओशो’ झालेल्या गुरूंच्या) अनुयायांनी अमेरिकेत वसवलेल्या रजनीशपुरमचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. पहिला रोल्स-रॉइसचा, दुसरा त्यांच्या सचिव शीलाचा आणि तिसरा तिथल्या गुन्ह्यांबद्दल, थोडा आवाज खाली आणून विचारलेला, ‘पण रजनीशांना स्वतःला माहीत होतं का हो?’ दर वेळी तोंडी उत्तर देताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवलं आहे. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. रजनीशपुरम म्हणजे कोरेगाव पार्कातला आश्रमच ना?

नाही, ही गल्लत फार होते. पुण्याचा आश्रम मार्च १९७४ मध्ये सुरू झाला. रजनीशपुरम अमेरिकेत होतं, ओरेगन राज्याच्या कोरड्या पूर्व भागात. १९८१ च्या उन्हाळ्यात ते सुरू झालं आणि १९८५ संपेपर्यंत मोडलं. म्हणजे जेमतेम साडेचार वर्षं. तेवढ्यात तिथे धरण, धावपट्टी, बससेवा, पोलीस, वृत्तपत्र आणि स्वतंत्र पिनकोडसुद्धा झाला.

२. तुम्ही ‘ओशो’ का म्हणत नाही?

कारण त्या काळात ते नाव नव्हतं. मध्य प्रदेशातल्या कुचवाड्याला १९३१ साली जन्मलेले चंद्रमोहन जैन जबलपूरला तत्त्वज्ञान शिकवताना ‘आचार्य रजनीश’ झाले आणि पुढे ‘भगवान श्री रजनीश’. ‘ओशो’ हे नाव १९८९ चं, मृत्यूच्या आदल्या वर्षीचं. ओरेगनच्या गोष्टीत ओशो आणलं की काळाचा घोळ होतो, एवढंच. यात भक्ती-अभक्तीचा प्रश्न नाही.

३. पुण्यात एवढं चांगलं चाललं होतं, मग अमेरिका कशाला?

चांगलं चाललं होतं हीच अडचण होती. परदेशी संन्याशांची (रजनीशांचे दीक्षा घेतलेले अनुयायी स्वतःला संन्यासीच म्हणवत) रीघ लागलेली आणि जागा मात्र सहा एकरांच्या आसपास. मोठं ‘बुद्धक्षेत्र’ वसवायचं म्हणून सासवडकडे आणि कच्छातही जागा पाहून झाल्या, पण जमलं नाही. मोरारजी देसाईंच्या सरकारच्या काळात आश्रमाची करसवलत गेली आणि व्हिसांना आडकाठी सुरू झाली. १९८० मध्ये प्रवचन चालू असताना रजनीशांच्या दिशेने सुरा फेकला गेला. त्यात त्यांची पाठ दुखत होती, मधुमेह आणि दमाही होता.

१ जून १९८१ ला ते अमेरिकेला गेले ते उपचारांसाठी म्हणून, तात्पुरत्या व्हिसावर. हा ‘तात्पुरता’ शब्द लक्षात ठेवा. पुढे खटला उभा राहिला तो त्यावरच (प्रश्न १२).

४. एवढी जमीन घ्यायला पैसा कुठून आला?

‘बिग मडी रँच’ नावाचं ते कुरण ६४,२२९ एकरांचं होतं, म्हणजे सुमारे २६० चौरस किलोमीटर. किंमत साडेसत्तावन्न लाख डॉलर. अतिचराईने उजाड झालेली, चिखलाची आणि दगडांची जमीन. पैसा आला देणग्यांतून, थेरपीच्या शुल्कातून आणि पुस्तकं-कॅसेटच्या विक्रीतून. युरोपातल्या केंद्रांचाही मोठा वाटा होता. जर्मनीतल्या संन्याशांनी डिस्को काढले होते आणि ते जोरात चालायचे. अनुयायांमध्ये वकील, मानसोपचारतज्ज्ञ, आर्किटेक्ट, अभियंते भरपूर होते. अनेकांनी घरं विकून रक्कम दिली. आपल्या मनातली लंगोटी लावलेल्या साधूंच्या आश्रमाची कल्पना इथे उपयोगाची नाही.

५. तिथे लोक दिवसभर करायचे काय? नुसतं ध्यान?

ध्यानाला वेळ कमीच मिळायचा. दिवसातले बारा-बारा तास काम असायचं आणि त्या कामाला ‘वर्शिप’, म्हणजे पूजा, म्हणत. भांडी घासणं ही पूजा, जेसीबी चालवणं ही पूजा, हिशेबाच्या वह्या लिहिणं हीसुद्धा पूजा. पूजेला पगार नसतो, तसा इथेही नव्हता. राहायला आयते आणून ठेवलेले ट्रेलरवजा बंगले, एकेका खोलीत दोघं-तिघं. जेवण शाकाहारी, सामुदायिक भोजनगृहात. कपडे उगवत्या सूर्याच्या रंगांचे, म्हणजे भगवा, लाल, गुलाबी, मरून. गळ्यात १०८ मण्यांची माळ आणि तिच्या लॉकेटात भगवानांचा फोटो.

पण त्या माणसांच्या आठवणी वाचल्या तर कष्टांची तक्रार क्वचितच दिसते. बर्लिनच्या वकिलाला पहिल्यांदाच कुणीतरी कुदळ दिली होती आणि त्यातून खरंच नाला अडत होता, भाजीचे वाफे हिरवे होत होते. ओढ्यांच्या काठी त्यांनी झाडं लावली, धूप थांबवली, सांडपाणी शुद्ध करून वापरलं. कृष्णमूर्तींचं नाव दिलेलं धरण बांधलं. दर जुलैत महोत्सव भरायचा तेव्हा पंधरा हजारांच्या घरात माणसं यायची. त्यांच्यासाठी तंबूंची नगरी उभी राहायची आणि दोन एकरांच्या छपराखाली सगळे एकत्र बसायचे. आपल्याकडे वारीचं नियोजन ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना हे काम किती अवघड असतं ते कळेल. या भागाला नुसतं ‘ढोंग’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं पटत नाही. पुढे जे घडलं ते याच कष्टाळू, शिकलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत घडलं, आणि खरा प्रश्न तोच आहे.

६. ९३ रोल्स-रॉइस ही अफवा की खरं?

खरं. दुपारी ठरलेल्या वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संन्यासी रांगेने उभे राहायचे, ढोल-गिटार वाजायची. मग एक लांबलचक गाडी चालण्याच्या वेगाने यायची. आत लोकरी टोपी घातलेले रजनीश, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा नमस्कारासाठी उचललेला. बॉनेटवर गुलाबाची फुलं ठेवली जायची. कुणी रडायचं, कुणी नाचायचं. गाडी पुढे गेली की सगळे पुन्हा कामावर. मौनाच्या काळात (प्रश्न ९) बहुतेकांच्या वाट्याला येणारं दर्शन ते एवढंच.

समर्थक म्हणतात की ही अमेरिकी हावरटपणाची थट्टा होती. थट्टा ९३ वेळा करता येते का, हे ज्याचं त्याने ठरवावं. कम्यून, म्हणजे ही सामुदायिक वसाहत, मोडल्यावर गाड्यांचा मोठा ताफा टेक्सासच्या एका गाडीविक्रेत्याने उचलला.

७. शेजाऱ्यांशी भांडण नक्की कशावरून? धर्मावरून?

धर्म होताच, लाल कपडे आणि मुक्त लैंगिकताही होती. पण भांडणाची मुळी जमिनीच्या कायद्यात होती. आपल्याकडे ज्याला ‘एनए’ म्हणतात तोच मामला. ओरेगनने १९७३ साली कडक नियोजन कायदा केला होता. शेतजमिनीवर शहर वाढू द्यायचं नाही, हा त्याचा गाभा. रँच शेतीच्या पट्ट्यात होतं. सुरुवातीला सांगितलं गेलं की थोडी माणसं शेती करणार आहेत, आणि बांधकाम सुरू झालं हजारोंसाठी.

छापखाना आणि कार्यालयं शेतजमिनीवर चालणार नाहीत, असली कामं जवळच्या गावठाणात करा, असा आग्रह ‘१००० फ्रेंड्स ऑफ ओरेगन’ या जमीन-संरक्षण संस्थेने धरला. संन्याशांनी तो शब्दशः पाळला! जवळचं गावठाण म्हणजे तीसेक किलोमीटरवरचं अँटिलोप. तिथे त्यांनी घरं घ्यायला सुरुवात केली. पुढचं प्रश्न ८ मध्ये.

दुसरीकडे त्यांनी रँचवरच शहर स्थापायचा अर्ज केला. त्यासाठी दीडशे रहिवासी पुरत होते. मे १९८२ मध्ये मतदान होऊन ‘रजनीशपुरम’ शहर झालं. शहर झालं म्हणजे स्वतःचे बांधकाम परवाने आणि स्वतःचे पोलीस. लगेच खटले लागले. नंतर राज्याचे महाधिवक्ता डेव्ह फ्रोनमायर यांनी दुसराच मुद्दा काढला: जिथली सगळी जमीन एका धर्मसंस्थेच्या हातात आहे, असं शहर सरकारी पैशावर चालवणं म्हणजे धर्म आणि शासन एक करणं, आणि अमेरिकी संविधानाला ते चालत नाही.

८. अँटिलोप गावाचं नाव खरंच ‘रजनीश’ झालं होतं?

हो. गाव चाळीस-पन्नास वस्तीचं, बरेचसे निवृत्त लोक. एक दुकान, एक शाळा, एक पोस्ट. संन्यासी मतदार वाढताहेत म्हणून एप्रिल १९८२ मध्ये गावकऱ्यांनी गावाची नगरपालिकाच बरखास्त करायचा ठराव आणला. नवे मतदार तोवर पुरेसे झाले होते, ठराव पडला. त्याच वर्षाच्या शेवटी नगरसभा संन्याशांच्या हाती गेली, शाळाही गेली, आणि १९८४ मध्ये नाव बदललं. नोव्हेंबर १९८५ मध्ये, जाता जाता, उरलेल्या संन्याशांनीही मत देऊन जुनं नाव परत आणलं.

सगळं कायद्याच्या चौकटीत झालं, हे कबूल करायला हवं. पण सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या दारासमोर रात्रंदिवस गस्तीची गाडी उभी करून वर हेडलाइट त्याच्या खिडकीवर मारायचे, याला काय म्हणायचं?

९. रजनीश मौनात का गेले, आणि शीलाच्या हाती एवढी सत्ता कशी आली?

एप्रिल १९८१ मध्ये, पुण्यात असतानाच, त्यांनी जाहीर बोलणं थांबवलं. ते पुन्हा बोलले ऑक्टोबर १९८४ च्या अखेरीस. या साडेतीन वर्षांत त्यांच्याकडे जायचा रस्ता एकच होता, त्यांची सचिव मा आनंद शीला. ती मूळची बडोद्याची, शिक्षण अमेरिकेत. पुण्यात आधीची सचिव मा योग लक्ष्मी होती. ती मागे पडली आणि शीला पुढे आली. रोज संध्याकाळी शीला भगवानांना भेटायची आणि बाहेर येऊन सांगायची, ‘भगवान असं म्हणतात.’ ते खरंच तसं म्हणाले का, हे पडताळायची सोय नव्हती. छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथले छत्रपती रोज संध्याकाळी कारभाऱ्याला भेटत होते.

विरोध केला तर? ‘तुझा अहंकार बोलतोय’ हे उत्तर तयार असायचं. फारच विरोध केला तर रँच सोडायचं, आणि घर तर विकून आलेलं!

१०. बेघर लोकांना बसमधून आणलं होतं ते दानधर्म म्हणून की मतांसाठी?

जाहीर नाव होतं ‘शेअर-अ-होम’. १९८४ च्या शरदात देशभरच्या शहरांतून हजारो बेघर माणसं आणली गेली. त्यांना कपडे, जेवण, बिअर मिळाली. काहींना आयुष्यात पहिल्यांदा कुणी आदराने वागवलं, आणि तसं त्यांनी सांगितलंही आहे. पण नोव्हेंबरमध्ये वॉस्को काउंटीची, म्हणजे रँच ज्या जिल्ह्यात होतं त्याची, निवडणूक होती. तिथल्या तीन सदस्यांच्या मंडळात दोन जागा लागणार होत्या आणि ओरेगनमध्ये मतदार व्हायला वीस दिवसांचं वास्तव्य पुरायचं. हिशेब सरळ होता.

तो राज्यालाही कळला. राज्य सचिव नॉर्मा पॉलस यांच्या पाठिंब्याने प्रत्येक नव्या मतदाराची सुनावणी घ्यायचं ठरलं आणि डाव फसला. मग परतीच्या तिकिटांचं आश्वासन विसरून अनेकांना आसपासच्या गावांत सोडून दिलं गेलं. ही माणसं आवरेनात म्हणून त्यांच्या बिअरमध्ये झोप आणणारं औषध, हॅलोपेरिडॉल, मिसळलं गेलं होतं हेही पुढे उघड झालं. माझ्या लेखी या कम्यूनचा नैतिक शेवट इथे झाला. विमानं आणि अटका नंतरच्या.

११. विषबाधेचं प्रकरण नक्की काय होतं?

प्रश्न १० मधल्या निवडणुकीचीच ती दुसरी बाजू. आपली मतं वाढवायची आणि समोरच्यांना मतदानाच्या दिवशी अंथरुणात पाडायचं. ‘द डॅल्स’ हे काउंटीचं मुख्य ठिकाण, दहा हजारांच्या आसपास वस्तीचं. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८४ मध्ये तिथल्या दहा रेस्टॉरंटांत सॅलड बारवर साल्मोनेला जिवाणू टाकले गेले. पद्धत साधी होती. प्लास्टिकच्या पिशवीत फिकट तपकिरी पाणी, त्याला आपापसात ‘साल्सा’ म्हणायचे. ताटली घेऊन रांगेत उभं राहायचं आणि लेट्यूसवर, ड्रेसिंगमध्ये, कॉफीच्या दुधात पिशवी हळूच पिळायची. मग ताटली घेऊन शांतपणे बाहेर.

७५१ माणसं आजारी पडली. गावातलं एकुलतं रुग्णालय भरून गेलं. कुणी दगावलं नाही, हे नशीब. ही खरं तर रंगीत तालीम होती. निवडणुकीच्या वेळचा मोठा प्रयोग झालाच नाही. त्याआधी ऑगस्टमध्ये रँचच्या पाहणीला आलेल्या काउंटीच्या दोन सदस्यांना पाण्याच्या पेल्यातून तेच जिवाणू दिले गेले होते. त्यातले एक मरता मरता वाचले.

आरोग्य खात्याने आधी खापर फोडलं हॉटेलांतल्या कामगारांच्या अस्वच्छतेवर. खासदार जिम वीव्हर यांनी फेब्रुवारी १९८५ मध्ये संसदेत उघड संशय घेतला, तर लोकांनी त्यांनाच पूर्वग्रहदूषित ठरवलं. शेवटी ऑक्टोबर १९८५ मध्ये रँचवरच्या प्रयोगशाळेत त्याच जातीच्या जिवाणूची कुपी सापडली. वैद्यकीय विभागाची प्रमुख होती मा आनंद पूजा, शीलाच्या अगदी जवळची.

१२. शेवट कसा झाला?

आतून. सप्टेंबर १९८५ च्या मध्याला शीला आणि तिचे जवळचे साथीदार युरोपला निघून गेले. दोनच दिवसांनी रजनीशांनी पत्रकारांना बोलावून शीला आणि तिच्या साथीदारांना ‘फॅसिस्टांची टोळी’ म्हटलं, विषप्रयोग, आग लावणं आणि फोन चोरून ऐकणं असे आरोप केले आणि पोलिसांना तपासाला बोलावलं. तपासात सगळीकडे चोरून ऐकायची यंत्रणा निघाली, अगदी भगवानांच्या खोलीतसुद्धा. महिनाअखेर ‘रजनीशिझम’ या धर्माची पुस्तकं आणि शीलाचे झगे जाळले गेले, आणि लाल कपडे, माळा आता सक्तीच्या नाहीत असं जाहीर झालं.

२७ ऑक्टोबरच्या रात्री रजनीश दोन लहान जेट विमानांच्या ताफ्यातून निघाले. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट विमानतळावर इंधनासाठी उतरले आणि तिथेच अटक झाली. नोव्हेंबरच्या मध्याला त्यांनी व्हिसा अर्जात कायमच्या मुक्कामाचा हेतू लपवणं आणि अनुयायांची खोटी लग्नं लावून त्यांना अमेरिकेत ठेवण्याचा कट, अशा दोन आरोपांवर ‘आल्फर्ड प्ली’ दिली. म्हणजे गुन्हा कबूल नाही, पण शिक्षा व्हायला पुरावा पुरेसा आहे हे मान्य. चार लाख डॉलर भरून त्यांनी देश सोडला. पुण्यात ते परतले जानेवारी १९८७ मध्ये आणि तिथेच १९ जानेवारी १९९० ला वारले.

१३. शीलाला काय शिक्षा झाली? ती आता कुठे आहे?

पश्चिम जर्मनीत अटक, मग अमेरिकेला प्रत्यार्पण. १९८६ मध्ये विषप्रयोग, रजनीशांच्या डॉक्टरांच्या खुनाचा प्रयत्न, आगीचं प्रकरण, चोरून फोन ऐकणं आणि व्हिसा घोटाळा या प्रकरणांत वीस वर्षांची शिक्षा. प्रत्यक्षात २९ महिन्यांनी सुटका. पुढे स्वित्झर्लंडमध्ये तिने वृद्धांची आणि अपंगांची काळजी घेणारी घरं चालवली.

१४. मग रजनीशांना माहीत होतं की नव्हतं?

विषबाधेच्या प्रकरणात त्यांच्यावर आरोपपत्र नाही आणि कोर्टाने तसं काही म्हटलेलं नाही. त्यामुळे ‘त्यांनीच करवलं’ असं छातीठोकपणे कुणी सांगत असेल तर ते कागदावर नाही. शीलाचं म्हणणं की ती त्यांच्याच इच्छेने चालायची. त्यांचं म्हणणं की त्यांना अंधारात ठेवलं.

पण समजा, नव्हतं माहीत. तरी ज्या माणसाच्या शब्दावर हजारो लोकांनी घरं विकली त्याने साडेतीन वर्षं एका तोंडातून बोलायचं आणि एका कानाने ऐकायचं ठरवलं, हा निर्णय त्याचा स्वतःचाच होता. निवडणूक नाही, तक्रार कुठे करायची त्याची जागा नाही, हिशेब मागायची रीत नाही. प्रश्न ५ मधली ती कष्टाळू, शिकलेली माणसं गप्प राहिली ती मूर्ख होती म्हणून नव्हे. शंका घेणं म्हणजे साधना कमी पडणं, हे त्यांनी मनापासून स्वीकारलं होतं.

१५. अमेरिकेच्या तुरुंगात रजनीशांना थॅलियम हे विष दिलं गेलं, हे खरं का?

असा आरोप स्वतः रजनीशांनी पुण्यात परतल्यावर केला आणि अनुयायी आजही करतात. तो कुठल्या न्यायालयात किंवा अधिकृत तपासात सिद्ध झालेला नाही.

१६. तिथल्या मुलांचं काय?

कुटुंब म्हणजे बंधन, मूल साऱ्या कम्यूनचं, असा विचार होता. म्हणून मुलं आईवडिलांपासून वेगळी, एकत्र राहायची. काहींना ते स्वातंत्र्य आवडलं. पण मोठी झाल्यावर त्यांच्यातल्या अनेकांनी दुर्लक्ष आणि लैंगिक शोषण यांबद्दल उघडपणे सांगितलं आहे, ओरेगनबद्दल आणि इतर केंद्रांबद्दलही. गाड्यांवर बोलणारे लोक या प्रश्नावर दोन मिनिटंही थांबत नाहीत, याचं मला कायम नवल वाटतं.

१७. सरकारनेच ठरवून मोडलं ना? एक धर्म नकोसा झाला म्हणून?

द्वेष होता, तो नाकारून चालणार नाही. रजनीशांना बंदुकीच्या निशाण्यावर दाखवणारे टी-शर्ट आणि स्टिकर विकले जायचे. जुलै १९८३ मध्ये पोर्टलँडच्या त्यांच्या हॉटेलात बॉम्ब फुटला. त्यानंतर रँचवर बंदुका वाढल्या. व्हिसा खातं तर पहिल्यापासून मागे होतं.

आणि गंमत पाहा. शेतजमिनीवर शहर करता येतं की नाही, हा प्रश्न ७ मधला खटला चालतच राहिला. ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९८७ मध्ये निकाली काढला, रजनीशपुरमच्या बाजूने. तोवर शहरात कुणी उरलं नव्हतं. वकिलांच्या हाती ठेवून दम धरला असता तर जमिनीचं भांडण ते जिंकले असते. सॅलडवर पिशवी पिळायला मात्र त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं.

१८. आज तिथे जाऊन काय पाहायला मिळतं?

‘रजनीशपुरम’ म्हणून काहीच नाही. १९९१ मध्ये मोंटानाच्या डेनिस वॉशिंग्टन या उद्योगपतीने रँच घेतलं आणि पुढे ‘यंग लाइफ’ या ख्रिस्ती युवक संस्थेला देऊन टाकलं. आता तिथे उन्हाळी शिबिरं भरतात. धरणाचं तळं आहे, रस्ते तेच आहेत. अँटिलोपमध्ये ध्वजस्तंभाखाली एक फलक आहे, त्या चार वर्षांना ‘आक्रमण’ म्हणणारा. आणि दोन एकरांचं ते छप्पर, जिथे हजारो लाल कपड्यांतली माणसं डोळे मिटून बसायची, तिथे क्रीडासंकुल झालंय. पोरं बास्केटबॉल खेळतात.